न कापायचा पट्टा

वाळवंटात बाग कशी उभी करतात यावर लिहा, असं आमच्या वसईकरांच्या नाताळ अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं होतं. एकतीस वर्षं मी अबुधाबीत तेच काम केलं, तेव्हा विषय माझ्या हातचा होता. लिहायला बसलोही. खजुराचं मोठं झाड मुळासकट कसं हलवतात, खारट पाण्यावर कोणती बोगनवेल तगते, अशी दोन पानं झाली. मुलीला, शेरीलला, वाचून दाखवली. ती म्हणाली, "डॅडी, धिस साउंड्स लाइक अ ब्रोशर."

तिचं खरं होतं. ती पानं बाजूला ठेवली. आता जे लिहितो आहे ते नऊ वर्षांपूर्वी घडलं, आणि ते मी आजवर अनेकांना सांगितलं आहे, पण खोटं. पार्ट्यांमध्ये ही माझी हुकमी गोष्ट होती. टर्कीची गोष्ट.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो. इथल्या बागेत आपणहून काही उगवत नाही. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक काळी नळी, नळीला ड्रिपर, ड्रिपरच्या मागे टायमर. जुलैत टायमर दोन दिवस बंद पडला तर पाच वर्षांची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, उभ्या उभ्या वाळते. पाणी म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, त्याचा वास नवीन माणसाला येतो, आम्हाला येत नाही. पण मालक पाणी बघत नाही. मालक कडा बघतो. हिरवळीची कडा सुरीने कापल्यासारखी हवी, हेज वरून सपाट आणि खालून मोकळी हवी, वाळलेलं पान जमिनीवर दिसता कामा नये. वसईला आमच्या वाडीत केळीच्या बुंध्याशी पाचोळा पडलेला असायचा आणि पप्पा त्याला हात लावू देत नसत. इथे मी एकतीस वर्षं पाचोळा उचलायला लावला. त्या कामात मी चांगला होतो, हे सांगायला लाज वाटत नाही. लाजेची गोष्ट पुढे आहे.

नोकरीच्या शेवटच्या भागात मी एका मझऱ्यावर लँडस्केप सुपरवायझर होतो. मझरा म्हणजे शेत, पण ह्या शेतात तलाव होता, हरणं होती आणि चार किलोमीटरचं कुंपण होतं. अल ऐनच्या रस्त्याला, वाळूच्या टेकड्यांमध्ये. मालकांना सगळे अरबाब म्हणत. ऐंशीच्या घरातले, काठी घेऊन चालणारे, कमी बोलणारे गृहस्थ. मध्यंतरी ते उपचारांसाठी कित्येक महिने अमेरिकेत राहिले होते. तिथे त्यांच्या खिडकीखालच्या रानात रोज सकाळी जंगली टर्की चरायला येत. बिछान्यावरून त्यांनी तेवढंच बघितलं असेल. बरे होऊन परतले तेव्हा त्यांनी सगळे परवाने काढून बारा टर्की मागवल्या, तीन नर आणि नऊ माद्या.

नाताळात हॉटेलात भाजून ठेवलेली असते ती टर्की वेगळी. ती जाडी, पांढरी, उडता न येणारी. ही उंच, सडपातळ, काळपट तांब्याच्या रंगाची, संध्याकाळी फडफड करून झाडावर झोपायला जाणारी. चर्चमधले मित्र विचारायचे, "अल्विन, नाताळला एखादी आणतोस का?" मी हसायचो.

अरबाबांना पिल्लं हवी होती. मझऱ्याचे मॅनेजर हानी नावाचे होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मिस्टर अल्विन, मेक देम अ फाइव्ह-स्टार प्लेस." मी केली. तलावाच्या मागे, रस्त्यापासून दूर, शांत जागी दाट हेज लावली, खजुराच्या झावळ्यांच्या आठ झोपड्या बांधल्या, आत मऊ गवत अंथरलं, गारव्यासाठी फवारे बसवले. फोटो काढण्यासारखी जागा झाली. त्या वर्षी एकाही मादीने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तीन अंडी उघड्या हिरवळीवर सापडली, बाकीची सापडलीच नाहीत.

पक्ष्यांचं काम बघायला अल्लाबक्ष नावाचे एक गृहस्थ होते. पाकिस्तानात बहावलपूरच्या बाजूच्या वाळवंटातले, तेव्हा पंचावन्नच्या आसपासचे. लहानपणापासून तित्तर पाळलेले. मझऱ्यावर अकरा वर्षं होते. अरबी आणि हिंदी-उर्दू सफाईने बोलत, पण वाचता काहीच येत नसे, सही तेवढी करत. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. ते मला साब म्हणत.

माझ्या झोपड्या रिकाम्या राहिल्यावर ते एका सकाळी मला हेजपाशी घेऊन गेले आणि चक्क जमिनीवर पालथे झोपले. मला म्हणाले, "साब, आप भी लेटिए."

मी आजूबाजूला पाहिलं. माळी बघत होते. तरी झोपलो.

"अब आप बिल्ली हो," ते म्हणाले. "बताइए, क्या दिखता है?"

सगळंच दिसत होतं. उभं राहून भिंतीसारखी वाटणारी माझी हेज खालून टेबलासारखी होती. वर पानं, खाली नुसते पाय. पलीकडची झोपडी, तिच्यातलं गवत, सगळं स्वच्छ दिसत होतं. इतक्या वर्षांत मी माझी बाग त्या उंचीवरून कधी पाहिली नव्हती.

मग ते मला मझऱ्याच्या उत्तर टोकाला घेऊन गेले. तिथे सर्व्हिस रोड आणि कुंपण यांच्यामध्ये एक लांब पट्टा होता. कधीकाळी तिथे वैरणीचं गवत लावलेलं, मग सोडून दिलेलं. ते गुडघाभर वाढलं होतं, मधून खारी झुडपं आली होती, घाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, फांद्या तुटून पडल्या होत्या. आमच्याच लोकांनी जुन्या झावळ्या तिथे टाकल्या होत्या. एक व्हॉल्व्ह गळत होता, तो दुरुस्त करायचं दोन वर्षं माझ्या यादीत होतं. सगळ्या मझऱ्यावरची सर्वांत कुरूप जागा. मी पाहुण्यांना तिकडून नेत नसे.

चाचांनी एक झावळी हलकेच उचलली. खाली, शमीच्या बुंध्याला पाठ लावून, वाळक्या पानांत एक उथळ खळगा होता आणि त्यात फुटलेल्या अंड्यांची कवचं. एक मादी तिथे गुपचूप पिल्लं काढून गेली होती. ती पिल्लं वाचली नव्हती, पण निघाली होती.

त्यांनी मला तिची निवड समजावून सांगितली. पाठीला आधार हवा, मग मागून कोणी येत नाही. चारी बाजूंनी गुडघ्याएवढं गचपण हवं, पण डोक्यावर विरळ, म्हणजे वेळ आली तर सरळ उडता येतं. पाणी जवळ, कारण ती दिवसातून एकदाच उठते आणि लगेच परतायचं असतं. मी विचारलं, रस्त्याच्या इतक्या जवळ का, ट्रक जातात तिथून. ते म्हणाले की पिल्लं दाट गवतात अडकतात. बाहेर पडल्या पडल्या त्यांना उघडी कड लागते, किडे टिपायला आणि पळायला. ट्रकची तिला सवय होते. ट्रक रोज तोच असतो, रोज तिकडूनच जातो. "ट्रक अंडा नहीं खाता, साब."

मग त्यांनी विनंती केली. फेब्रुवारी ते जून ह्या पट्ट्याला हात लावायचा नाही. ना कापणी, ना सफाई, ना व्हॉल्व्हची दुरुस्ती. मी म्हणालो, "ठीक आहे चाचा, वादा." कागदावर काही लिहिलं नाही. आमच्या खात्याच्या कामाच्या तक्त्यात तो पट्टा 'दर पंधरवड्याला सफाई' असाच राहिला. तो तक्ता बदलायचा तर हानींना कारण द्यावं लागलं असतं, आणि माझ्या फाइव्ह-स्टार जागेपेक्षा कचऱ्याची जागा टर्कीला आवडते हे सांगावं लागलं असतं. तेवढं मला जड गेलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये पट्ट्यात पाच माद्या बसल्या. चाचा तिथे कुठलीही खूण करू देत नसत. चिंधी बांधली की कावळे शिकतात, म्हणत. त्याऐवजी त्यांनी एका वहीच्या पानावर रस्ता, कुंपण, शमीची झाडं काढून पाच फुल्या मारल्या आणि ते पान माझ्याकडे दिलं. माझ्या ड्रॉवरमध्ये होतं ते. अठ्ठावीस दिवस लागतात अंडी फुटायला. चाचांनी अरबाबांना फोनवर सांगून टाकलं होतं की पुढच्या आठवड्यात पिल्लं दिसतील, इन्शाल्ला.

त्याच आठवड्यात अरबाबांच्या थोरल्या मुलाचे परदेशी पाहुणे येणार असं ठरलं. हानी गाडीतून सगळा मझरा बघत निघाले, मी शेजारी. उत्तरेच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवली.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "हा मझरा आहे की कचरा डेपो? तुझी नजर कुठे गेली, अल्विन? परवा सकाळपर्यंत मला इथे जमीन दिसली पाहिजे. यल्ला, लागा कामाला."

त्यांना एक वाक्य सांगायचं होतं. सर, इथे पाच घरटी आहेत. ते रागावले असते, कदाचित अरबाबांना विचारलं असतं, आणि अरबाबांनी नक्की सांगितलं असतं की हात लावू नका. हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या महिन्यात माझ्या करारावर निर्णय व्हायचा होता, शेरील बारावीत होती, आणि हानींनी मागच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्या नजरेचं कौतुक केलं होतं. ही सगळी कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. खरं कारण एवढंच की त्यांच्या तोंडून 'नजर कुठे गेली' ऐकून मी घाबरलो. मी म्हणालो, "येस सर."

दुसऱ्या दिवशी चाचा व्हिसाच्या मेडिकलसाठी अल ऐनला गेले होते. त्यांच्या गेट पासवर मीच सही केली होती. ते दुपारी परतणार होते. मी थांबलो नाही. नकाशा घेऊन फोरमनला पट्ट्यावर नेलं आणि गाडीतूनच बोट दाखवत सांगितलं, इथे, इथे आणि इथे, दोन-दोन मीटर गवत सोडा, बाकी साफ. ऊन फार होतं, मी खाली उतरलो नाही. वाटलं, घरटी वाचतील, हानी खूश होतील, चाचांची समजूत घालू.

सहा ब्रश कटर एकदम सुरू झाले. तासाभरात उघड्या जमिनीवर गवताचे पाच पुंजके उरले. दडायला म्हणून निवडलेली जागा आता अख्ख्या मझऱ्यावर सर्वांत आधी डोळ्यांत भरत होती. माद्या केव्हाच उडून गेल्या होत्या. कावळे येऊन कुंपणावर बसले होते.

पाचव्या पुंजक्यात घरटं नव्हतंच, कारण पाचवी फुली मी दहा पावलं चुकीची दाखवली होती. ती मादी उठली नाही. अंडी फुटायच्या बेतात आली की त्या उठत नाहीत, हे चाचांनी मला सांगितलेलं होतं. कटरवाल्याला गवतात काही दिसलं नाही. तो बिचारा नंतर कितीतरी वेळ यंत्र हातात धरून नुसता उभा होता. मी तिला पोत्यात घालायला सांगितलं.

चाचा आले तेव्हा कावळ्यांचं आटपत आलं होतं. ते ओरडले नाहीत. पट्ट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, एका पुंजक्यात सहा अंडी शाबूत होती ती कुर्त्यात घेतली, छातीशी धरली आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडे निघाले. माझ्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "हानी साब ने करवाया?"

"हां," मी म्हणालो.

"आप क्या करते," ते म्हणाले आणि पुढे गेले. त्यांना माझी कीव आली होती.

संध्याकाळी हानींनी पुंजके बघितले, हे कसले म्हणून विचारलं, आणि मी तेही कापायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरबाब पाहुण्यांच्या आधीच आले, पिल्लांसाठी. गाडीतून उतरून काठी टेकत पट्ट्यापर्यंत आले आणि उभे राहिले. हानी, मी, चाचा, सगळे होतो. त्यांनी हानींना विचारलं. हानी माझ्याकडे वळले, "अल्विन?"

अरबाबांना इंग्रजी चांगलं येत होतं. मला मोडकंतोडकं अरबी येतं, आणि तिथल्या चौघांनाही कळेल अशी ती एकच भाषा होती. मी इंग्रजी निवडलं. मी म्हणालो, सर, बर्ड सेक्शनने घरट्यांच्या जागा मार्क केल्या नव्हत्या. लँडस्केपिंगला काही कळवलंच नव्हतं. अल्लाबक्षने कळवायला हवं होतं.

आपलं नाव ऐकून चाचांनी मान हलवली. त्यांना वाटलं, वाचवलेल्या सहा अंड्यांबद्दल मी सांगतो आहे. ते अरबाबांकडे बघून नम्रपणे हसले. अरबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि गाडीत जाऊन बसले.

एका माणसाला त्याच्यासमोर उभं राहून बुडवायचं आणि त्याने आपल्यावर विश्वासाने मान हलवायची, याला काय म्हणतात मला माहीत नाही. त्या दिवशी घरी, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी नकाशाचं पान फाडून किचनच्या कचऱ्यात टाकलं. बायकोने विचारलं काय फाडलंस, मी म्हणालो जुनं बिल.

तीन दिवसांनी हानींच्या ऑफिसमधून चाचांना पत्र मिळालं. ते घेऊन चाचा सरळ माझ्याकडे आले. "साब, इसमें क्या लिखा है?"

पत्र पाच ओळींचं होतं. हलगर्जीपणामुळे मालकांच्या पक्ष्यांचं गंभीर नुकसान झालं, सबब नोकरी संपवण्यात येत आहे, पंधरा दिवसांची मुदत. मी ते दोनदा वाचल्यासारखं केलं. मग म्हणालो, "लिखा है, चिड़ियाँ कम हो गई हैं, इसलिए आदमी कम कर रहे हैं. आपका काम अच्छा था, ऐसा लिखा है."

"अच्छा लिखा है?"

"हां चाचा."

त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. माझा हात दोन्ही हातांत धरून शुक्रिया म्हणाले. अकरा वर्षांनी गावी जायला मिळतंय, हेही म्हणाले. ते पंधरा दिवस त्यांनी रोज काम केलं. देशी कोंबडीखाली ठेवलेल्या सहा अंड्यांतून चार पिल्लं निघाली. ती किडे टिपायला शिकेपर्यंत चाचा त्यांच्यामागे फिरत होते. पिल्लं वाचली हे अरबाबांना कळवलं ते मी, आणि 'आम्ही वाचवली' असं कळवलं.

त्यानंतर माझं चांगलं चाललं. करार वाढला. पुढच्या हंगामाआधी मी हानींना एक योजना सादर केली, पडद्यावर चित्रं दाखवून. टर्की कुठे घरटं करते आणि का: पाठीला आधार, गुडघाभर आडोसा, वर विरळ, पाणी जवळ, कडेला उघडी जागा. पट्टा पुन्हा वाढू दिला, झावळ्या टाकल्या, एक व्हॉल्व्ह मुद्दाम थोडा ढिला ठेवला. माद्या परत आल्या. त्या वर्षी एकोणीस पिल्लं फिरताना दिसली. अरबाबांनी मला घरी बोलावून कॉफी पाजली. ते म्हणाले, तुला पक्ष्यांचं मन कळतं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असेल. दोन वर्षांनी ते वारले. हानी कॅनडाला गेले. खरं ऐकून घेण्याचा ज्यांना अधिकार होता ते दोघंही माझ्या हातचे गेले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

चर्चमध्ये पापनिवेदनाला मी एकदा म्हणालो, "फादर, कामावर खोटं बोललो." एवढंच. फादरांना ते ऑफिसातलं रोजचं खोटं वाटलं असणार. त्यांनी तीन नमो मरिया सांगितल्या. मी त्या म्हटल्या आणि बाहेर येऊन शावरमा खाल्ला.

यंदा निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमासाठी शेरील फोटो जमवत होती. ती म्हणाली, "टेल द टर्की स्टोरी, डॅडी. इट्स युअर बेस्ट वन." झोपड्या फसतात, मग मी जमिनीवर पालथा झोपतो, मांजराच्या नजरेने बघतो आणि मला कळतं, अशी ती गोष्ट होती. माझ्या गोष्टीत चाचा नव्हतेच. का कोण जाणे, त्या दिवशी मला ती सांगवेना. मी तिला खरी गोष्ट सांगितली, पत्रापर्यंत सगळी.

तिने हातातले फोटो खाली ठेवले. मग तिने विचारलं, "डिड यू एव्हर कॉल हिम?"

"नाही."

"डू यू हॅव द नंबर?"

नंबर मिळवणं एका फोनचं काम निघालं. मझऱ्यावरचा जुना पठाण ड्रायव्हर त्यांच्या संपर्कात होता. नऊ वर्षं मला तो एक फोन करता आला नव्हता.

फोन त्यांच्या मुलाने, इम्तियाजने, घेतला. तो गावातल्या शाळेत मास्तर आहे. त्याने वडिलांना दिला. चाचांनी आवाज ओळखला, माझी, घरच्यांची खुशाली विचारली. मी म्हणालो, "चाचा, वो कागज़..."

"मालूम है, साब," ते म्हणाले.

त्यांनी शांतपणे सांगितलं. व्हिसा संपायच्या आत दुसरीकडे काम बघावं म्हणून ते शारजाच्या बाजूला तीन मझऱ्यांवर गेले होते. अकरा वर्षांच्या नोकरीचा पुरावा म्हणून त्यांनी तेच पत्र पुढे केलं. मी सांगितलं होतं ना, चांगलं लिहिलंय. पहिल्या ठिकाणी कारकुनाने वाचून परत दिलं. दुसऱ्या ठिकाणी ऑफिसातले दोघे जण एकमेकांकडे बघून हसले. तिसऱ्या ठिकाणी एका मल्याळी बाबूने त्यांना बसवून पाणी दिलं आणि विचारलं, बाबा, हे काय लिहिलंय ते माहीत आहे का तुम्हाला? त्याने शब्दन्‌शब्द सांगितला. मग ते गावी निघून गेले.

"पहले सोचा, आपको ठीक से अंग्रेज़ी नहीं आती होगी," चाचा म्हणाले. "फिर सोचा, आती है."

मी माफी मागितली. जे जे केलं ते सगळं सांगितलं, अरबाबांसमोरचं, नकाशाचं, 'आम्ही वाचवली'चंही. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साब, मैंने आपको बद्दुआ नहीं दी. माफ़ भी नहीं किया. एक काम कीजिए. एक सही काग़ज़ लिख दीजिए. अंग्रेज़ी में. नौकरी के लिए नहीं, अब उमर नहीं रही. घर में रखना है."

मझऱ्याचा शिक्का माझ्याकडे नव्हता. मी माझ्या नावाने, माझ्या सहीने लिहिलं. एक पान झालं. इम्तियाजला फोटो पाठवला. दोन दिवसांनी शुक्रवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात खाट होती, खाटेवर चाचा, दाढी पूर्ण पांढरी झालेली. सून, नातवंडं, दोन शेजारी बसले होते. इम्तियाजच्या हातात माझ्या पत्राची छापील प्रत होती.

"अब्बा कहते हैं, आप पढ़कर सुनाइए," तो म्हणाला. "उर्दू में. मैं काग़ज़ देखता रहूँगा."

माझ्या शेजारी शेरील बसली होती. मी वाचायला लागलो. एक ओळ इंग्रजीत, मग तिचा अर्थ. अल्लाबक्ष यांनी अकरा वर्षं मझऱ्यावर काम केलं. टर्की कुठे घरटं करते हे त्यांनी मला शिकवलं. घरट्यांच्या जागांचा नकाशा त्यांनी मला दिला होता. प्रत्येक वाक्यानंतर इम्तियाज कागदावर बघून वडिलांना सांगत होता, "ठीक पढ़ा." मग मी त्या ओळीवर आलो: माझ्या चुकीमुळे दोष त्यांच्यावर आला.

"ठीक पढ़ा," इम्तियाज म्हणाला. "मिस्टेक लिखा है."

चाचांनी हात वर केला. "साब, ग़लती वो होती है जो आदमी को पता न हो. आपको पता था?"

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. शेरीलही.

"पता था," मी म्हणालो.

"तो वही लिखिए."

मी पेन घेतलं. मूळ कागदावरचा 'मिस्टेक' खोडला, वर 'लाय' लिहिलं, खोडलेल्या जागी सही केली. फोटो काढून पाठवला. तिकडे इम्तियाजच्या फोनची घंटी वाजली, त्याने मोठं करून बघितलं आणि वडिलांना वाचून दाखवलं, "झूठ. उनके झूठ की वजह से."

चाचांनी मान हलवली. मग त्यांनी नातवाला सांगितलं की मेहमानांना चहा दे, आणि फोन बंद झाला.